सामना सोडल्याचा खुलासा

उदगीर, ४ फेब्रुवारी १९८६

चि. शिवकांता,

संघटनेचं रजिस्टर पत्र तुला मिळालं. पोचपावती काल परत आली, तिच्यावर तुझं दस्तखत आहे. ते पत्र मी सचिव म्हणून लिहिलं होतं. हे घरचं.

दोन वर्षांची बंदी ही माझ्या एकट्याची मर्जी नव्हती. बैठकीला सात जण होते. अध्यक्ष भगवानराव वकील म्हणाले, "बिराजदार सर, पोरगी तुमची हाय म्हणून सोडली, तर उद्या कोणता खेळाडू आपलं ऐकंल?" मग मतं घेतली. मीही हात वर केला. सचिवानंच हात खाली ठेवला असता तर ते बरं दिसलं नसतं.

तुला माहीत आहे तरी परत लिहितो, कारण सोलापूरच्या राज्य स्पर्धेत तू ते विसरलीस. आपण उस्मानाबाद जिल्ह्यात होतो तोवर उदगीरच्या पोरीला संघात कोण घेत होतं? लातूर जिल्हा झाला तेव्हा बॅडमिंटनची संघटना काढायचा पहिला अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. साडेतीन वर्षं राज्य संघटनेनं आपल्याला तात्पुरतं धरलं. कायम मान्यतेला अट एकच होती: मुलींच्या संघानं राज्य स्पर्धेत आपले सगळे सामने पुरे करायचे. तीन पोरी घेऊन आपण गेलो. उपान्त्यपूर्व फेरीत एक सामना जिंकला, एक हरला, तिसरा तुझा. पहिला गेम तू अकरा-आठ घेतलास. एक गेम राहिला होता. बँकेचे साहेब पुढच्या खुर्चीत बसले होते, त्यांच्या संघात तुझी नोकरी जवळजवळ पक्की होती.

आणि तू पंचाकडे जाऊन म्हणालीस, मी खेळत नाही. वैयक्तिक स्पर्धेतूनही नाव मागे घेतलंस. कारण काही दिलं न्हाईस. सामानही न घेता करुणाबरोबर नांदेडच्या गाडीत बसलीस.

तुझा पत्ता करुणानंच तुझ्या आईला, अव्वाला कळवला. दुहेरीची जोडीदार म्हणून पोरगी चांगली आहे, पण जोडीदाराच्या घरी महिना महिना राहायचं नसतं. इथं लोक विचारतात. मी सांगतो, नांदेडला टायपिंगचा क्लास लावलाय.

बॅग मी आणून ठेवली आहे. रॅकेटच्या तारा सैल केल्यात.

व्ही. जी. बिराजदार

उदगीर, १९ फेब्रुवारी १९८६

चि. शिवकांता,

उत्तर न्हाई. ठीक.

करुणाच्या कार्डावरून कळलं की तू भोकरकडं रोजगार हमीच्या कामावर हजेरी कारकून म्हणून लागलीस. बी. ए. झालेली, विद्यापीठाच्या संघाची कप्तान, आणि पाझर तलावावर उन्हात मस्टर घेऊन उभी. तुझी मर्जी.

तुझी अव्वा म्हणते, पोरीचा गुडघा दुखत होता म्हणून तिनं सोडलं. मी तिला सांगितलं, गुडघा प्रत्येक खेळाडूचा दुखतो. थोडी सूज होती, ती मलाही दिसत होती. पण जो गुडघा पहिला गेम जिंकून देतो तो दुसऱ्या गेमला कसा नको म्हणतो?

आणि गुडघ्याचंच काढायचं असेल तर मुळापासून काढू. मातीच्या कोर्टावर रोज सकाळी आठ घागरी पाणी शिंपडायचं, हा आपला दहा वर्षांचा नेम. शिंपलं की माती बसते, पाय धरते. नोव्हेंबरात शेजारची धोंडाबाई फाटकात येऊन उभी राहिली आणि तुला म्हणाली, "माझ्या लेकराला प्यायला न्हाई, अन् तुम्ही मातीला पाजून राहिले व्हय?" दुसऱ्या दिवसापासून तू घागरी उचलल्या न्हाईस. ते पाणी शाळेच्या विहिरीचं होतं, कुणाच्या घरातलं न्हाई. मी तुला तसं सांगितलंही. तू म्हणालीस, मग कोरड्यावर खेळू. कोरड्यावर खेळलीस आणि घसरलीस. पाणी मी बंद केलं नव्हतं.

विहीर आता तळाला गेली आहे. टँकर तिसऱ्या दिवशी येतो.

अव्वा बरी आहे. तुझ्या नावानं रोज काहीतरी करून ठेवते आणि मलाच खावं लागतं.

व्ही. जी. बिराजदार

उदगीर, २ मार्च १९८६

चि. शिवकांता,

महत्त्वाचं आहे म्हणून लगेच लिहितो. शांतपणे वाच.

राज्य संघटनेचं पत्र आलं. त्यांनी सामना सोडल्याचा खुलासा मागवला आहे. खेळाडू आजारी होती असं डॉक्टरच्या दाखल्यानिशी सिद्ध झालं तर सामना पुरा झाला असं धरतील, जिल्ह्याला कायम मान्यता देतील, तुझी बंदीही आपोआप उठेल. सिद्ध झालं न्हाई तर बेशिस्त. मग मान्यता एक वर्ष पुढं.

परवा भगवानरावांच्या घरी बसलो होतो. ते म्हणाले, "टायफॉइड लिहा. जानेवारीत लई लोकांना झाला होता. कोण बघायला जातंय?" त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर दाखला देतात. त्यावर फक्त तुझं दस्तखत लागतं. फॉर्म सोबत आहे. पेन्सिलीनं खूण केली आहे तिथं सही कर आणि उलट टपालानं पाठव.

गुडघ्याचा दाखला का नको, असं तू विचारशील. गुडघा लिहिला की कधी लागलं हे लिहावं लागतं. नोव्हेंबर लिहिलं की विचारतील, मग जानेवारीत कोर्टावर कोणी उतरवलं? संघातल्या तिन्ही पोरी तंदुरुस्त आहेत, या कागदावर माझी सही आहे. हे प्रकरण माझ्या शाळेपर्यंत जाईल. टायफॉइडमध्ये कुणाचाच दोष न्हाई. तापाला कोण काय करणार?

तुझं भलं, माझं भलं, जिल्ह्याचं भलं. एका सहीचं काम आहे.

व्ही. जी. बिराजदार

उदगीर, १४ मार्च १९८६

शिवकांता,

माझंच पत्र मला परत पाठवलंस. फॉर्म कोरा, आणि पत्राखाली तुझी एक ओळ: "मला टायफॉइड झाला नव्हता."

तुझ्या अक्षरातलं दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

मी ते अव्वाला वाचून दाखवलं. तिला माझ्या पत्राचा आणि तुझ्या ओळीचा अर्थ कानडीत सांगावा लागला. दाखल्याची गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती, ती आता सांगावी लागली. मला वाटलं ती तुझ्यावर चिडेल. ती चुलीपुढून उठली, हात पुसले आणि एकच शब्द बोलली. "साकु." पुरे झालं.

मला म्हणाली का तुला, ते मी विचारलं न्हाई.

२३ तारखेला, रविवारी, मी मुदखेडला करुणाच्या घरी येतो. समोरासमोर बोलू.

उदगीर, १ एप्रिल १९८६

चि. शिवकांता,

त्या रविवारी मी आलो तेव्हा तू कामावर गेली होतीस. करुणा नांदेडला होती आणि तिचे वडील ड्यूटीवर. रेल्वेच्या क्वार्टरात फक्त तिच्या आई सरजाबाई होत्या. तू माझ्या येण्याची तारीख वाचून मुद्दाम गेलीस की रविवारीही काम असतं, हे मला माहीत न्हाई. कसंही असो, झालं ते बरं झालं. तुझ्यापुढं मी बोललोच असतो. त्यांच्यापुढं ऐकावं लागलं.

काय झालं ते त्यांनी तुला सांगितलंच असेल. तरी माझ्या हातानं लिहितो.

त्यांनी पाणी दिलं. मी प्यालो. मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरीचा पाय दीड महिना आमी शेकला. रात्री कूस बदलली तरी वरडत होती. अन् तुमी टायफॉइडचा कागद मागून राहिले."

मी म्हणालो, सूज इतकी असेल असं वाटलं नव्हतं.

"वाटलं न्हाई तर सुई कशाला टोचत होते?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी ते काम थांबवलं न्हाई. म्हणाल्या, "रेफ्रीनं चारदा इचारलं म्हनं तिला. का सोडतीस, काय दुखतंय, कुनी काय केलं. ती गप. आमच्या करुणानं हात धरून सांगितलं, बोल, खरं बोल. तरी गप. बोलली असती तर तुमची मास्तरकी ऱ्हायली असती का? पोरीनं सजा घेतली अन् सजेवर सही तुमची."

शिवकांता, हे मला सोलापूरपासून उदगीरपर्यंत कळलं नव्हतं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. थोडं कळलं होतं. बैठकीत हात वर करताना कळलं होतं. पण हळूहळू मी स्वतःला पटवलं की तू ताठ्यानं गप्प राहिलीस.

आता जे कुठंच लिहिलं न्हाई ते लिहितो.

नोव्हेंबरात तू घसरलीस तेव्हा गुडघ्यातून आवाज आला होता. मी चार पावलांवर होतो, मी तो ऐकला. तुला म्हणालो, ऊठ, काही न्हाई. लातूरला हाडाच्या डॉक्टरला दाखवायचं मी टाळलं, कारण त्यानं विश्रांती सांगितली असती. ग्यानोबा कंपाउंडरकडून दुखणं मारायचं इंजेक्शन द्यायला शिकलो. निवड चाचणीच्या दिवशी तुला पहिलं दिलं. सोलापूरला दोन औषधाच्या कुप्या शटलच्या डब्यात, फुलांच्या खाली ठेवून नेल्या. एक सामन्याआधी दिली. पहिला गेम संपल्यावर तू लंगडत आलीस आणि म्हणालीस, "अप्पा, पाय माझा वाटत न्हाई." मी तुला पडद्यामागं नेलं आणि दुसरी कुपी फोडली. तू सुईकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि पडद्याबाहेर गेलीस.

मला वाटलं तोंड धुवायला गेलीस. मी सुई धरून उभा राहिलो. बाहेर पंचानं वॉकओव्हर जाहीर केला तेव्हाही ती माझ्या हातात होती.

हेच सगळं मी खुलासा म्हणून राज्य संघटनेला लिहिलं आहे. तीन पानं झाली. एक प्रत भगवानरावांना दिली, एक शाळेच्या मुख्याध्यापकांना. कालच्या बैठकीत मी ते वाचूनही दाखवलं. शेवटच्या पानावर भगवानराव म्हणाले, "हे पोस्टात टाकू नका. हात जोडतो तुम्हाला." मी सांगितलं, सकाळीच टाकलं.

ते म्हणाले, "एका गुडघ्यापायी अख्ख्या जिल्ह्याचं नाव मागं पाडलं तुम्ही."

जिल्ह्याचं नाव मला कमी प्यारं न्हाई. पण ते पुढं न्यायला मी ज्याच्यावर उभा होतो तो गुडघा तुझा होता.

सरजाबाईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं न्हाई. वरण-भात आणि वांग्याची भाजी. या घरी तू दोन महिने जेवतेस म्हणून मी इथं लोकांपासून तोंड लपवत होतो, तेही तुला कळलेलं असणार. त्या वाढताना म्हणाल्या, "पोटभर जेवा, गुरुजी. भांडन वायलं, जेवन वायलं."

वडील मुलीची माफी कशी मागतात ते मला येत न्हाई. कुणी मागितलेली बघितली न्हाई. मागतो.

अप्पा

उदगीर, २३ एप्रिल १९८६

चि. शिवकांता,

निकाल आला. तुझी बंदी रद्द. कागद सोबत आहे, जपून ठेव. जिल्ह्याची मान्यता एक वर्ष पुढं गेली. मला पाच वर्षं कोणत्याही संघटनेत पद न्हाई आणि संघासोबत जायला मनाई. शाळेत चौकशी झाली. नोकरी राहिली, पण खेळाचे तास काढून घेतले. आता मी पाचवीला भूगोल शिकवतो.

भगवानराव रस्त्यात बोलत न्हाईत. संघातल्या बाकीच्या दोन पोरींच्या घरी मी जाऊन आलो. एकीच्या वडिलांनी चहा दिला, दुसरीच्या दिला न्हाई. दोघांचंही बरोबर आहे, त्यांच्या पोरींचं वर्ष गेलं.

तुझं कार्ड मिळालं. सहा ओळी आहेत, अव्वानं सहा वेळा वाचून घेतल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि १२ मे तारीख दिली, हे कळलं. "अव्वाला पाठवा" असं तू लिहिलंस. माझ्याबद्दल काही लिहिलं न्हाईस.

अव्वा एकटी एस.टी.नं कधी आली न्हाई, तिला मराठी धड येत न्हाई. मी तिला पोचवायला येईन. तू नको म्हणालीस तर दवाखान्याच्या दारातून परत फिरेन.

अप्पा

उदगीर, २९ मे १९८६

चि. शिवकांता,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. का, ते पुढं कळेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं, तेव्हा तू कॉटवर होतीस आणि दार उघडं होतं. "लागलं कधी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नोव्हेंबरच्या बावीस तारखेला. "इतके दिवस घरच्यांना माहीत नव्हतं?" मी सांगितलं, "मला माहीत होतं." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, इंजेक्शनचंही. तू ऐकत असशील हे मला ठाऊक होतं. म्हणून आवाज मोठा केला असं न्हाई, पण कमीही केला न्हाई.

त्यांनी गुडघ्यातली फाटलेली चकती काढली. म्हणाले, चालता येईल, जिना चढता येईल, तलावावर हजेरीही घेता येईल. खेळता येणार न्हाई.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अव्वा आणि सरजाबाई चहा आणायला खाली गेल्या होत्या. एकीला कानडी येतं, एकीला मराठी, तरी दोघी जिन्यात कितीतरी वेळ बोलत होत्या. खोलीत आपण दोघंच. तू छताकडं बघत विचारलंस, "अप्पा, डॉक्टर म्हणाले ते ऐकलं ना? खेळ संपला. मग आता तुम्ही माझ्याशी काय बोलणार?"

मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

तू न्हाई म्हणालीस. मग अव्वा आली.

एस.टी.त उदगीरपर्यंत मी तोच विचार करत आलो. तू अकरा वर्षांची होतीस तेव्हापासून आपण दोघं सकाळ-संध्याकाळ बोललो. आठवून बघितलं. पाय पुढं टाक. मनगट सैल सोड. नेटपाशी आळस करू नकोस. दहा वर्षांत याच्या पलीकडं काय बोललो, ते शोधून शोधून मिळेना. एकदा तुला विंचू चावला होता तेव्हाचं थोडं आठवतं, पण तेव्हाही मी डॉक्टरला विचारलं होतं की शनिवारी खेळू शकेल का.

घरी येऊन पत्र लिहायला बसलो. पहिल्या पत्रात दुसऱ्या ओळीलाच पुण्याच्या स्पर्धेचा निकाल आला. फाडलं. दुसऱ्यात लिहिलं की तू शिकवणारी होऊ शकतेस, पोरींना तयार करू शकतेस. फाडलं. तिसऱ्यात वाटलं जमलं, पण वाचून बघितलं तर त्यात शाळेच्या मैदानाची हकीकत होती, तिथं आता चारा डेपो झालाय. हेही कोर्टाचंच झालं.

आता न फाडता लिहायचं असं ठरवलं आहे.

अव्वा तुझ्याकडं आहे, त्यामुळं मी एकटाच आहे. भाकरी थापायला शिकून राहिलो. पीठ जास्त भिजतं आणि तव्यावर टाकताना भाकरी मधोमध फाटते. काल धोंडाबाईनं भिंतीवरून बघितलं आणि हसली. म्हणाली, "सर, पानी कमी घाला. पान्याची लई सवय तुम्हाला." मग तिनं दोन भाकरी दिल्या. तिच्या लेकराला गोवर येऊन गेला, आता बरं आहे. मी त्याला रोज एक गोळी नेऊन देतो. खायची, औषधाची न्हाई.

टँकर आला की मीही रांगेत घागर घेऊन उभा राहतो. दोन घागरी मिळतात, एकट्याला एक पुरते. दुसरी धोंडाबाईकडं देतो.

पाचवीच्या पोरांना नद्या शिकवल्या. एका पोरीनं विचारलं, "सर, नदीला पाणी नसलं तरी तिला नदीच म्हणायचं का?" मी म्हणालो, नकाशात तरी म्हणतात. तिचं समाधान झालं न्हाई. माझंही झालं न्हाई.

एवढंच आहे माझ्याकडं. आता तू लिही. दुपारी तलावावर सावलीला कुठं बसतेस? कामावर बायका किती आहेत, त्यांच्यात तुझी कुणाशी दोस्ती झाली? करुणाशी तू इतकं काय बोलतेस, जे संपत न्हाई? लिहायचं नसेल ते वगळ. मी विचारणार न्हाई.

आणि एक. तुला परत कामावर जायच्या आधी खायला काहीतरी पाठवावं असं मनात आलं. मग कळलं, तुला काय आवडतं ते मला माहीत न्हाई. तू काय खावं ते मीच ठरवायचो: सकाळी भिजवलेले हरभरे, सामन्याआधी केळं, तेलकट न्हाई. अव्वाला विचारलं असतं, पण ती तुझ्यापाशी आहे. म्हणून तुलाच विचारतो.

तुला काय आवडतं?

अप्पा